जोवीचा चढ भोर घाटापेक्षा तीव्र का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. इटलीतल्या तोरिनो–जेनोआ रेल्वेमार्गावर जोवी नावाचा चढ आहे. १८५३ सालीच तिथे २८ ला १ (म्हणजे २८ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) अशा चढावरून वाफेची इंजिनं गाड्या ओढत होती. त्यानंतर दहा वर्षांनी आपला भोर घाट खुला झाला, तिथे मात्र ३७ ला १ च्या पुढे कोणी गेलं नाही, शिवाय गाडी उलट्या दिशेनं काढायचं रिव्हर्सिंग स्टेशनही घालावं लागलं. मग भोर घाट आखणारा इंजिनिअर जेम्स बर्कले कमी पडला का? की इटालियन इंजिनिअर इंग्रजांच्या पुढे होते? शिवाय तुम्ही नोकरीनिमित्त जेनोआला चालला आहात, तर तो मार्ग बघता येईल का, असंही विचारलंय.

मी कर्जत–लोणावळा घाटात बँकरवर, म्हणजे चढावर गाडीला मागून जोर देणाऱ्या जादा इंजिनावर, ड्रायव्हर होतो, पुढे लोको इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. जोवीबद्दल बरंच वाचलंय आणि मुलीकडे मिलानला गेलो होतो तेव्हा मुद्दाम तिथून प्रवासही केलाय. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला या दोन चढांची तुलना कशी दिसते, ते सांगतो. ‘पुढे कोण होतं’ याचं उत्तर मात्र तुम्ही काय मोजता यावर ठरतं. नुसता चढाचा आकडा मोजलात तर जोवी जिंकतो. एकूण चढलेली उंची मोजलीत तर भोर घाट दुपटीनं पुढे जातो. पावसात रोज, बिनघोर गाड्या चालवणं मोजलंत तर हिशेब आणखी वेगळा निघतो.

आधी जोवीची गोष्ट, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

इटलीतली पहिली रेल्वे नेपल्स–पोर्तिची, १८३९ ची, जेमतेम साडेसात किलोमीटर आणि समुद्रकाठानं सपाट. दुसरी मिलान–मोंझा, १८४० ची, तीही सपाट. तेव्हा इटली हा एक देश नव्हता. वेगवेगळी राज्यं आपापल्या राजधानीजवळ छोटे तुकडे बांधत होती. पिएमोंतेच्या राज्याची गरज वेगळी होती. राजधानी तोरिनो पो नदीच्या मैदानात, आणि १८१५ च्या व्हिएन्ना तहानंतर हाती आलेलं जेनोआचं बंदर अपेनाइन डोंगरापलीकडे. जेनोआ शतकानुशतकं स्वतंत्र प्रजासत्ताक राहिलेलं, त्यामुळे तोरिनोची सत्ता तिथल्या लोकांना मनापासून मान्य नव्हती. बंदर आणि राजधानी जोडणं हे व्यापाराचं काम होतं तसंच राज्य टिकवण्याचंही. राजा कार्लो अल्बेर्तोनं १८४४ मध्ये मार्ग जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी तो सरकारी खर्चानं बांधायचं ठरलं. आधी एका खाजगी कंपनीच्या बेतासाठी ब्रुनेलचा सल्लाही घेतला गेला होता.

तोरिनोकडचं काम भराभर झालं. १८४८ मध्ये त्रोफारेल्लोपर्यंत, १८४९ मध्ये आस्तीपर्यंत, मग अलेस्सांद्रिया, नोवी, आर्क्वाता. फेब्रुवारी १८५३ मध्ये गाडी बुसाल्लापर्यंत आली. बुसाल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे, पण उत्तरेकडून येताना स्क्रीविया नदीच्या खोऱ्यातून हळूहळू चढत येता, त्यामुळे चढ फारसा जाणवत नाही. अडचण पुढे आहे. बुसाल्ला सोडलं की अपेनाइन दक्षिणेकडे एकदम कोसळतो आणि वीसेक किलोमीटरवर थेट समुद्र लागतो. सह्याद्रीचंही असंच आहे. दख्खनकडून लोणावळ्याला येईपर्यंत काही कळत नाही, आणि खंडाळ्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं.

या कोसळत्या बाजूवर पोंतेदेचिमो ते बुसाल्ला अशा दहाएक किलोमीटरमध्ये सुमारे २७० मीटर उंची गाठायची होती. बेल्जियमहून आँरी मॉस नावाच्या इंजिनिअरला बोलावलं गेलं. लिएज शहराबाहेरच्या टेकडीवर त्यानं १८४२ मध्ये उतरंडीचा मार्ग बांधला होता. तिथे वर स्थिर वाफेची यंत्रं बसवून दोरानं गाड्या ओढत. जोवीसाठीही त्यानं दोराचाच विचार केला. दोरानं ओढायचं तर चढ ३५ ला १ असो की २८ ला १, विशेष बिघडत नाही. यंत्र थोडं मोठं लागतं, एवढंच. रुळावर चाक घसरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण चाकाला ओढायचंच नसतं.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. २८ ला १ हा चढ आखला गेला तेव्हा तो इंजिनानं चढायचाच नव्हता. डोंगर आधी कोरला गेला आणि गाड्या कशानं ओढायच्या हा प्रश्न मागाहून उरला. दोर नको असं ठरत गेलं, कारण चाळीसच्या दशकात इंजिनं दर दोन वर्षांनी जास्त ताकदवान होत होती. शेजारी ऑस्ट्रियात झेमरिंगच्या डोंगरातही तोच वाद चालू होता. तिथे कार्ल फॉन गेगानं ४० ला १ चढाचा मार्ग धरला आणि १८५१ मध्ये इंजिनांच्या चाचण्या घेऊन सिद्ध केलं की दोराची गरज नाही.

मधल्या काळात आणखी एक कल्पना पुढे आली. जर्मेन सोमेये आणि त्याच्यासारखे काही तरुण इंजिनिअर पिएमोंते सरकारनं शिकायला बेल्जियमला धाडले होते. डोंगरातून कोसळणाऱ्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची आणि त्या दाबलेल्या हवेनं जोवीवर गाड्या ढकलायच्या, अशी योजना त्यानं मांडली. जोवीवर ती कधी वापरली गेली नाही. पण तोच कॉम्प्रेसर पुढे फ्रेजूस बोगद्यात खडक फोडायच्या यंत्रांना हवा पुरवायला लागला. आल्प्सखालून जाणारा बारा किलोमीटरचा तो बोगदा १८५७ ते १८७१ अशा चौदा वर्षांत झाला. हातानं सुरुंगाची भोकं पाडत बसले असते तर किती तरी जास्त वर्षं गेली असती. तो खुला व्हायच्या जेमतेम दोन महिने आधी सोमेये वारला. रेल्वेच्या इतिहासात एका जागचा अडलेला प्रश्न दुसऱ्याच जागी उत्तर देऊन जातो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

जोवीचा प्रश्न शेवटी सुटला तो इंजिनानंच. न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सन कारखान्यानं दोन-दोन आसांची टाकीवाली छोटी इंजिनं बनवली आणि ती पाठीला पाठ लावून जोडली. दोन्हींच्या मधल्या जागेत एकच ड्रायव्हर उभा राहून दोन्ही रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडायचे दांडे, सांभाळायचा. लोकांनी या जोडीला ‘जोवीचा मॅस्टोडॉन’ म्हटलं, म्हणजे नामशेष झालेला तो हत्तीसारखा अवाढव्य प्राणी. डिसेंबर १८५३ मध्ये गाड्या जेनोआपर्यंत धावू लागल्या, फेब्रुवारी १८५४ मध्ये राजा व्हित्तोरिओ एमानुएले याच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला.

या जोडइंजिनात मोठी अक्कल होती, आणि ती आकड्यांशिवाय कळत नाही. इंजिन किती ओढेल हे फक्त वाफेवर ठरत नाही, चाक रुळाला किती धरतं यावर ठरतं. कोरड्या रुळावर, वाळू टाकून, चालत्या चाकांवरच्या (म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांवरच्या) वजनाचा साधारण सहावा भाग ओढीसाठी मिळतो असं धरा. ओल्या, तेलकट रुळावर तो दहाव्या भागापर्यंत घसरतो. आता समजा इंजिन ५० टनांचं, सगळी चाकं चालती, आणि मागे १०० टनांची गाडी. एकूण १५० टन. २८ ला १ च्या चढावर नुसतं वर खेचायला सव्वापाच टनांची ओढ लागते, त्यात घर्षणाची पाऊण टन मिळवा, झाले ६ टन. कोरड्या रुळावर या इंजिनाला ८ टनांच्या वर ओढ मिळते, म्हणजे गाडी निघते. ओल्या रुळावर मिळतात ५ टन. चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी अडते.

हाच हिशेब ३७ ला १ वर करून बघा. वर खेचायला ४ टन, घर्षणाची पाऊण टन, मिळून पावणेपाचच्या आसपास. ओल्या रुळावरचे ५ टन इथे काठावर का होईना पुरतात. आकडे मी समजावण्यासाठी गोल धरलेत, खरी इंजिनं आणि गाड्या वेगवेगळ्या वजनाच्या होत्या. पण २८ आणि ३७ या दोन आकड्यांमधला फरक पावसाळ्यात काय करतो ते यातून दिसतं. जुलैत खंडाळ्याला धुक्यात, धो धो पावसात, रुळावर पालापाचोळ्याचा चिकटा बसलेला असताना ज्यानं गाडी वर नेली आहे, त्याला हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत.

साध्या इंजिनाचं काय झालं असतं? त्या काळच्या नेहमीच्या इंजिनाचं निम्मंच वजन चालत्या चाकांवर असे. असं इंजिन या चढावर स्वतःला आणि दोन-चार डब्यांना कसंबसं वर नेऊ शकलं असतं. म्हणून मॅस्टोडॉनची सगळी चाकं चालती ठेवली, आणि पाणी-कोळसाही इंजिनावरच घेतला, म्हणजे त्यांचंही वजन चाकांच्या पकडीला लागतं आणि मागे टेंडर, म्हणजे पाणी-कोळशाचा वेगळा डबा, फुकट ओढावा लागत नाही. भोर घाटासाठी १८६२ मध्ये शार्प स्टुअर्टनं बनवलेली इंजिनंही याच कारणानं सॅडल टँक होती, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी ठेवलेली.

इथवर चढण्याचं झालं. घाटात काम केलेला कोणीही सांगेल की चढताना फार तर गाडी अडते, खरी भीती उतरताना असते. भोर घाट सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये १,८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर उतरतो. जोवी २७० मीटर. गाडीचं वजन सारखं धरलं तर आपल्या घाटात ब्रेकला दुप्पट काम. तेव्हा गाडीभर एकत्र लागणारा हवेचा ब्रेक नव्हता. ठरावीक डब्यांवर ब्रेकवाले बसत आणि इंजिनाच्या शिट्टीवर हातानं चाक फिरवून ब्रेक आवळत. भोर घाटाच्या त्या सॅडल टँक इंजिनांना तर थेट रुळावर दाबला जाणारा स्लेज ब्रेकही होता, यावरून बांधणाऱ्यांना कशाची धास्ती होती ते कळतं.

आणि माल कुठल्या दिशेला जातो हे बघा. जेनोआ बंदरात उतरलेला कोळसा, कापूस, धान्य डोंगर चढून मैदानात जायचं. भरलेल्या गाड्या वर, रिकाम्या बऱ्याचदा खाली. आपल्याकडे दख्खनचा कापूस मुंबई बंदराकडे, म्हणजे भरलेल्या गाड्या घाट उतरत. मी बर्कलेच्या जागी असतो तर मीही उताराचाच विचार आधी केला असता.

रिव्हर्सिंग स्टेशनकडे या नजरेनं पाहा. डोंगराच्या अरुंद सोंडेवर मोठं वळण घ्यायला जागा नव्हती. तिथे गाडी एका टोकाला नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूला लावून, उलट दिशेनं पुढे काढली की चढ न वाढवता मार्गाची लांबी मिळते. वेळ जायचा, हे खरं. पण उतारावर एक सक्तीचा थांबाही मिळायचा, आणि ब्रेक तापलेल्या गाडीला थांबा म्हणजे जीवदान असतं. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते स्टेशन बंद झालं, पण थांब्याचं तत्त्व आजही घाटात जिवंत आहे. खाली येणाऱ्या गाडीला कॅच सायडिंगच्या आधी थांबावंच लागतं. तिथले पॉइंट्स, म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ, नेहमी सायडिंगकडेच लावलेले असतात, गाडी ताब्यात आहे हे दिसलं की मगच मेन लाइन मिळते. गाडी सुटलीच तर ती सायडिंगच्या उभ्या चढावर जाऊन थांबते. मी नवीन असताना एका जुन्या ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, ‘घाटात गाडी चालवायची नसते, थांबवायची असते.’ पुढे मी तेच वाक्य माझ्या हाताखालच्या पोरांना सांगत आलो.

तिसरा फरक धुराचा. जोवीच्या माथ्यावर सव्वातीन किलोमीटरचा बोगदा आहे आणि तोही २९ मिलिमीटर दर मीटर, म्हणजे साधारण ३४ ला १ अशा चढाचा. जेनोआहून येणारी गाडी पूर्ण जोर लावून, धूर ओकत, माणूस पळतो त्याहून फार वेगानं नव्हे, अशी त्यातून जाणार. वारा मागून असला तर धूर गाडीबरोबरच चालतो. मागच्या बँकरवरच्या माणसांना पुढच्या इंजिनाचाही धूर प्यावा लागतो. १८९८ मध्ये एका मालगाडीवरची माणसं या बोगद्यात गुदमरून बेशुद्ध पडली, गाडी उलटी घसरत खाली आली आणि दुसऱ्या गाडीवर आदळून जीवितहानी झाली. भोर घाटात पहिल्या मार्गावर २५ बोगदे होते, पण एकही असा लांब नव्हता. गाडी धुरात शिरते न शिरते तोच बाहेर. वाफेच्या दिवसांत घाट चालवलेले लोक आमच्या वेळी निवृत्तीला आले होते. डोक्याला ओलं फडकं बांधून बोगदा पार करायच्या त्यांच्या गोष्टी मी ऐकल्यात, म्हणून जोवीवरच्या त्या माणसांबद्दल वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मग इटालियनांनी चूक केली का? अजिबात नाही. दोराच्या हिशेबानं आखलेल्या चढावर इंजिन चालवून दाखवणं ही मोठी कामगिरी होती, आणि राज्याला त्या मार्गाचा उपयोग लगेच झाला. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा फ्रान्सचं सैन्य जेनोआला जहाजातून उतरून याच मार्गानं रेल्वेत बसून मैदानात गेलं. इतकी फौज रेल्वेनं रणभूमीपर्यंत नेण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी तो एक. त्या युद्धानंतर दोन वर्षांत इटली एक राष्ट्र झालं.

पण त्या चढाची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. जेनोआ बंदराचा माल वाढत गेला तसा जोवी म्हणजे गळ्याशी आवळलेली गाठ झाली. शेवटी १८८९ मध्ये त्यांनी शेजारून दुसरा मार्ग काढला. सव्वाआठ किलोमीटरचा रोंको बोगदा खोदला आणि चढ १६ मिलिमीटर दर मीटर, म्हणजे ६२ ला १ वर आणला. पहिल्या मार्गाच्या निम्म्याहूनही कमी. चढ किती असावा या वादाचा निकाल त्यांनी स्वतःच लावला, असं मी म्हणेन. १९१० मध्ये जुन्या मार्गावर तीन फेजची वीज आली. वेस्टिंगहाउसच्या वादो लिगुरे इथल्या कारखान्यानं पाच चालत्या आसांची इंजिनं दिली. सगळं वजन पुन्हा चालत्या चाकांवर, मॅस्टोडॉनचंच तत्त्व. त्या इंजिनांना लोक ‘जोवीचं खेचर’ म्हणू लागले. आपल्याकडे कल्याण–पुणे वीज १९२९-३० मध्ये आली आणि घाटातल्या मालगाड्यांच्या इंजिनांना आपण ‘खेकडा’ म्हटलं. तीन फेजच्या मोटरचा मोठा गुण हा की उतारावर ती ठरलेल्या वेगापलीकडे गाडीला पळू देत नाही आणि उतरणाऱ्या गाडीची वीज तारेत परत देते. म्हणजे धूर आणि उतार, दोन्ही दुखणी एकदम कमी झाली.

तर बर्कलेबद्दल तुमचा जो संशय आहे तो सोडून द्या. त्याच्या पिढीच्या इंजिनिअरांना जोवी आणि झेमरिंग दोन्ही माहीत होते. भोर घाटाची चर्चा निघाली की ही दोन नावं तुलनेला येतच. इंजिनानं चढायचा घाट म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून आखता आला, मॉसला ते भाग्य मिळालं नाही. त्या आखणीवरून, मार्ग थोडाफार बदलून, आपण आजही बँकर लावून गाड्या चालवतो. त्यासाठी माणसांनी मात्र फार मोठी किंमत मोजली. पटकी आणि तापानं हजारो मजूर गेले, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुरं करवून घेतलं.

आता तुमच्या प्रवासाचं. जेनोआ पियात्सा प्रिंचिपे स्टेशनवरून पोंतेदेचिमोमार्गे बुसाल्लाला जाणारी रीजनल गाडी पकडा. ‘बुसाल्ला’ला थांबते की नाही एवढंच बघा, कारण रोंकोचा दुसरा मार्ग बुसाल्लाला जातच नाही. चुकून त्या गाडीत बसलात तर जोवीचा चढ बघायचा राहील. पोंतेदेचिमो सोडल्यावर खिडकीशी बसा, पोल्चेवेराचं खोरं झपाट्यानं खाली जाताना दिसेल. बोगद्याच्या अलीकडे पियानो ओरित्झोन्ताले नावाचं छोटं स्टेशन आहे, चढावरचा सपाट तुकडा तो हाच. आजच्या विजेच्या गाडीला चढ जाणवत नाही, त्यामुळे चढताना निराश होऊ नका. परत येताना पुढच्या डब्यात बसा आणि ड्रायव्हर ब्रेक कुठे धरतो, कुठे सोडतो ते ऐका.